ऐपतीचा दाखला

आमच्या जालना जिल्ह्यात कोणत्याही घरातली लोखंडी पेटी उघडा, तळाशी एक प्लास्टिकची पिशवी सापडते. त्या पिशवीत आपण किती गरीब आहोत याचे शासकीय पुरावे असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अल्पभूधारक असल्याचा दाखला, कोणत्या तरी दुष्काळाच्या अनुदानाची पावती, आणि पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली त्या वर्षीचं पेपरातलं कात्रण. गरिबी अंगात असून भागत नाही, ती शिक्क्यानिशी हातात असावी लागते, हे आमच्याकडे लेकरू मुळाक्षरांच्या आधी शिकतं.

त्यामुळे २०२५च्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याचा अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा काढायचं ठरलं, तेव्हा घराचा जो गोंधळ उडाला तो जरा समजून घ्या. सात पिढ्यांत पहिल्यांदाच कोणीतरी आम्हाला म्हणत होतं, तुम्ही श्रीमंत आहात हे सिद्ध करा.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. गाव परतूरच्या बाजूला. पावणेपाच एकर जमीन, त्यातली दोन एकर मोसंबी, एक विहीर, एक बोअर, दोन म्हशी आणि दाजी. दाजी हा त्या इस्टेटीतला सगळ्यात न हलणारा भाग. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हा ह्या माणसानं टँकर विकत घेऊन निम्मी बाग जगवली. तेव्हापासून कोणतंही संकट आलं की ते मनातल्या मनात एवढंच मोजतात, ह्याला किती टँकर लागतील?

विद्यापीठाकडून 'आय-२०' नावाचा कागद आला. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो आणि एवढे पैसे तुमच्याकडे आहेत हे दाखवा, असा त्याचा अर्थ असतो. आकडा पन्नास हजार डॉलरच्या घरात होता. त्याशिवाय सेव्हिस नावाच्या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर. दाजींना डॉलरही कळत नाही आणि लाखही फारसा पटत नाही. त्यांनी हिशेब मोसंबीत केला.

"गुरुजी," ते मला म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत असल्यामुळे सख्ख्या मेव्हण्यालाही ते गुरुजीच म्हणतात. "वीस रुपये किलोनं धरली तर दोनशे पंधरा टन होऊ लागली. दोन एकरात दोनशे पंधरा टन निघंल का?"

"नाही."

"मग हे लेकरू कशाच्या जिवावर चाललं?"

"कर्जाच्या."

दाजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां, मग असं सांगा ना. ते आपल्याला येतं."

पण येत नव्हतं. सोसायटीचं पीककर्ज आणि परदेशी शिक्षणाचं कर्ज यांत बैल आणि विमानाइतका फरक आहे. जालना-नांदेड महामार्गाची मोजणी झाल्यापासून आमच्याकडच्या जमिनीचे भाव बांधावर बसल्या बसल्या दर आठवड्याला वाढतात. त्या भावानं दाजी कोट्यधीश. ते तसे ऐटीत बँकेत गेले. साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालणार नाही. २००२च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्यानं ताब्यात घेऊन विकता येत नाही. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही तरतूद, आणि ती इतकी चोख आहे की शेतकऱ्याला स्वतःलाही तिचा उपयोग करता येत नाही. गावातलं घर? गावठाणातलं, ते नको. मग काय पाहिजे? एनए प्लॉट, किंवा पगारदार सहकर्जदार.

पगारदार म्हटल्यावर खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पावणेपाच एकर काळ्याभोर जमिनीला जे जमलं नाही ते माझ्या एका पानाच्या पगारपत्रकाला जमलं. सही करताना माझा हात किंचित थरथरला, हे आक्कानं पाहिलं आणि चहात एक चमचा साखर जास्त घातली.

कर्ज मंजूर झालं म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला असं मला वाटलं होतं. कन्सल्टन्सीवाल्या पोरानं ते चूक ठरवलं. संभाजीनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावर एसी लावून बसलेला हा पोरगा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान होता आणि टाय लावून होता. तो म्हणाला, "सर, लोन आहे ठीक आहे. पण फॅमिली स्ट्राँग दिसली पाहिजे." आणि त्यानं यादी दिली. सातबारा, आठ-अ, जमिनीचं आणि सोन्याचं मूल्यांकन, सीएचं सर्टिफिकेट, आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला.

हा दाखला असतो हेच गावात फार जणांना ठाऊक नव्हतं. ठेकेदार लोक काढतात, जामीनदार काढतात. शेतकऱ्यानं तिथं जाऊन मागायचा तो उत्पन्नाचा, शक्य तेवढ्या कमी उत्पन्नाचा. दाजी सेतू केंद्रात गेले तर तिथल्या पोरानं सवयीनं उत्पन्नाचा फॉर्म पुढं केला. "हा नको. ऐपतीचा पाहिजे." पोरानं मान वर करून पाहिलं. रांगेतले चार जण वळले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की दाजींना गुप्तधन लागलं.

मूल्यांकन करणाऱ्यानं एकरी पस्तीस लाख धरून जमीन एक कोटी सहासष्ट लाखांची ठरवली. त्याच पेटीतल्या त्याच पिशवीत त्याच वर्षीचा उत्पन्नाचा दाखला होता, वार्षिक चौऱ्याऐंशी हजाराचा. दाजी दोन्ही कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. "गुरुजी, ह्यातला खोटा कोणता?" मी दोन्ही तपासले. खोटा एकही नव्हता. जमीन विकली तर कोटी, कसली तर चौऱ्याऐंशी हजार. आणि ती विकायची नाही, कसायचीच, हे ठरलेलं. अमेरिकेच्या अधिकाऱ्याला हे दोन मिनिटांत इंग्रजीत समजावून सांगायचं होतं. आम्हाला ते दोनशे वर्षांत मराठीत जमलेलं नाही.

पुढचा घाट सातबाऱ्याच्या इंग्रजी भाषांतराचा. भाच्यानं पैसे वाचवायला ते आधी मोबाईलवर करून पाहिलं. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नावाचा रकाना असतो, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जागा. मोबाईलनं लिहिलं, 'बॅड स्टमक, क्लास ए, पॉइंट टू झीरो हेक्टर'. सोसायटीच्या कर्जाचा 'बोजा' होता, त्याचं 'बर्डन' झालं. म्हणजे आमचे दाजी वकिलातीपुढे उभे राहणार होते ते डोक्यावर ओझं आणि वीस गुंठे बिघडलेलं पोट घेऊन. शेवटी तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलांनी ते नीट करून दिलं. पोटखराब्याला त्यांनी इंग्रजीत नेमका शब्द शोधला आणि मला अभिमानानं दाखवला. मी लगेच विसरलो, कारण मोबाईलचाच जास्त खरा वाटत होता.

सोन्याचं प्रकरण नाजूक. आक्काकडे एक बोरमाळ, एक पोत आणि दोन पाटल्या आहेत, हे तिनं पंचवीस वर्षं तिच्या जावेपासून लपवून ठेवलेलं. आता ते सोनाराकडे वजन करून सीएच्या कागदावर जाणार. सीएच्या सर्टिफिकेटवर अठरा आकडी नंबर असतो आणि तो टाकून तो कागद खरा की खोटा हे कोणालाही इंटरनेटवर तपासता येतं, असं भाच्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं. आक्का घाबरून म्हणाली, "कोणालाबी? म्हणजे जावेलाबी?"

नावांची गंमत तर विचारूच नका. दहावीच्या सनदेवर आक्काचं नाव एक, आधारवर त्यापुढे 'बाई', बँकेत माहेरचं. ह्या तीन बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. शंभराचा स्टॅम्प २०२४मध्ये बंद झाला, आता त्याजागी पाचशेचा. दाजी म्हणाले, एका बायकोचे पाचशे ठीक आहेत, तिघींचे मिळून फार नाहीत.

भाच्याचे दोन मित्रही त्याच वर्षी निघाले होते आणि ते आमच्या ओसरीवर बसून आपापल्या देशांच्या तऱ्हा सांगायचे. इंग्लंडवाल्याला खर्चाचे पैसे सलग २८ दिवस खात्यात ठेवून दाखवायचे होते, एक दिवसही आकडा खाली आला की संपलं. लग्नसराईच्या दिवसांत आमच्याकडे २८ दिवस पैसा न हलवता ठेवणं म्हणजे उघड्यावर गूळ ठेवून मुंग्यांना शपथ घालण्यासारखं. त्याच्या खात्यावर सख्खा चुलता रोज येऊन नजर टाकून जात होता. जर्मनीवाल्याचे ११,९०४ युरो तिकडच्या एका खात्यात अडकवून ठेवले होते. तिथं गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२च हातात पडणार. हे ऐकून दाजी पहिल्यांदा एखाद्या परक्या देशावर खूश झाले. "शहाणा देश आहे. पोराच्या हातात एकदम पैसा देत नाही."

पण आमचं अमेरिकेचं ठरलेलं. आणि अमेरिकेची तारीख मिळेना.

२७ मे २०२५ला त्यांनी विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं. जूनच्या १८ तारखेनंतर पुन्हा सुरू केलं, पण तारखा कधी खुल्या होतील याचा पत्ता नाही. कधी पहाटे चारला, कधी रात्री अडीचला, पाच मिनिटं उघडतात आणि मिटतात. मोबाईलवर हजारो पोरं एकमेकांना 'आली, आली' असं कळवतात, आपण उघडेपर्यंत गेलेली असते. भाचा रडकुंडीला आला. दाजी मात्र एकदम रंगात. हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. शेतीपंपाची थ्री फेज लाइट आमच्याकडे अशीच येते, रात्री अडीचला. तिच्यासाठी उभ्या आयुष्यात त्यांनी सलग झोप काढलेली नाही. ते आपोआप उठायचे, ओसरीवरून हाक द्यायचे, "आली का रे?" आतून भाचा म्हणायचा, "नाही आबा." "मग मोटार चालू करून येतो," म्हणत ते बॅटरी घेऊन जायचे. संकेतस्थळ फार वेळा उघडलं म्हणून भाच्याचं खातं एकदा तीन दिवस बंद पडलं. दाजींनी शांतपणे निदान केलं, "डीपी उडाला."

त्यातच नवा फतवा निघाला. विद्यार्थ्यांनी आपली समाजमाध्यमावरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावीत. अर्जात, डीएस-१६० त्याचं नाव, गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावंही विचारतात. भाचा एकदम गप्प झाला. मामा ह्या नात्यानं मी म्हटलं, बघू तरी. त्यानं मोबाईल दिला आणि स्वतः म्हशीला पाणी पाजायला निघून गेला, जे त्यानं चार वर्षांत केलं नव्हतं.

खात्यात तसं वावगं काही नव्हतं. उसनी आणलेली बुलेट, उसना आणलेला गॉगल. पण खाली मित्रांच्या प्रतिक्रिया! जालन्याच्या स्टील कारखान्यांत आणि बियाण्यांच्या कंपन्यांत लागलेली ही गुणी पोरं, पण लिहायला बसली की त्यांच्यात काय संचारतं कोण जाणे. 'भावाची दहशत', 'दहशत कायम', 'जिल्हा हादरला'. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतानाचा एक फोटो. केक अननसाचा होता, तलवार नाटकाच्या पेटीतली होती, पण 'दहशत' ह्या शब्दाचं भाषांतर मोबाईल काय करतो ते मी टाकून पाहिलं आणि मला घाम फुटला.

रात्रभर बसून आम्ही दहशत पुसली. सकाळी उठून पाहतो तर गावाच्या वेशीवर दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मधे भाचा, सुटाबुटात. धड दुसऱ्याचं होतं. भोवती एकतीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे. आणि वर मोठ्या अक्षरांत: 'अमेरिकेत स्थायिक होण्यास हार्दिक शुभेच्छा!'

व्हिसा मिळायचा होता, मुलाखतीची तारीखही मिळायची होती, पण ते राहू द्या. अडचण 'स्थायिक' शब्दाची होती. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यात एक कलम आहे, २१४-बी. त्याचा अर्थ असा की व्हिसा मागायला आलेला माणूस तिथं कायमचा राहायलाच निघाला आहे, असं अधिकाऱ्यानं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसाची. शिकून परत येणार हे पटलं पाहिजे. आणि इथं वेशीवर एकतीस जण फोटोसकट उलटी साक्ष देत होते. त्या फ्लेक्सचा फोटो काढून बारा जणांनी भाच्याच्या नावाशी जोडून टाकलाही होता. फ्लेक्स उतरवायला गेलो तर शुभेच्छुक क्रमांक चार नाराज झाले. मधला मार्ग निघाला. 'स्थायिक होण्यास' ह्यावर पांढरा कागद चिकटवला. मग तो फ्लेक्स 'अमेरिकेत हार्दिक शुभेच्छा' असा महिनाभर फडफडत होता.

परत येण्याचा पुरावा काय द्यायचा, यावर ओसरीवर तीन रात्री चर्चा चालली. दाजी म्हणाले, "सांग त्यांना, मोसंबीला पाणी कोण देईल?" भाच्यानं मोसंबीला शेवटचं पाणी दिलं ते बारावीत. आक्का काही बोलली नाही. चुलीपुढं बसून ती नुसती ऐकत होती, आणि माझ्या लक्षात आलं की अमेरिकेच्या कायद्याला जी भीती आहे तीच आक्काला आहे. पोरगं तिकडंच राहील. दोघांचा एकमेकांशी परिचय नव्हता, एवढंच.

ह्या बाबतीत आमच्या मुलखाचा इतिहासही पोराच्या बाजूनं नाही. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघालेला मुलगा चोवीस वर्षांनी आईला भेटायला आला, असं आमच्याकडे सांगतात. आक्कानं हे कीर्तनात डझनभर वेळा ऐकलं आहे, आणि कीर्तनकार ते वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगत असले तरी ती ते दर वेळी त्या आईच्या बाजूनं ऐकते.

आणि व्हिसा नव्हता तेव्हाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांना कोणत्या खिडकीपुढं उभं राहावं लागलं नाही. पण त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून त्यांना सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ती मुलाखतच की. फक्त परत येण्याची हमी जायच्या देशाला नको होती, सोडलेल्या देशाला हवी होती. बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन, असा करार लिहून देऊन. आले, नोकरीवर रुजू झाले, आणि त्यांना बडोद्यात राहायला कोणी खोली देईना. परत ये म्हणणारे परत आल्यावर कसे वागतात, हा रकाना कोणत्याच अर्जात नसतो.

असो. जुलैत तारीख मिळाली. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी. हाक दाजींचीच होती.

मुलाखत मुंबईत. तेव्हा मुंबईची वंदे भारत जालन्यातूनच सुटायची, पहाटे पाचला. पुढं ऑगस्टात ती नांदेडपर्यंत नेली आणि जालनेकरांची रिकाम्या डब्यात चढण्याची चैन संपली. मी, भाचा आणि दाजी. दाजींच्या मांडीवर फाइल. वर ठेवा म्हटलं तर ठेवली नाही. एक कोटी सहासष्ट लाख रुपये वरच्या फळीवर कोण ठेवतं? पहिल्या दिवशी बोटांचे ठसे. भाच्याचे दहाही एका फटक्यात उमटले. दाजींना त्याचंच कौतुक वाटलं, कारण रेशनच्या मशिनवर त्यांचा अंगठा चार-चार वेळा लावूनही लागत नाही. फावड्यानं रेषा पुसल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात, वकिलातीबाहेरच्या फूटपाथवर. आत फक्त अर्जदार. मोबाईल नाही, पिशवी नाही. भाचा फाइल घेऊन रांगेत गेला. बाहेर आम्ही बापलोक. पावसाची भुरभुर, काचेच्या इमारती, आणि त्यांच्याखाली छत्र्या धरून उभा असलेला अर्धा महाराष्ट्र. शेजारी सांगलीकडचे एक द्राक्षबागायतदार होते, लेकीसाठी आलेले. दाजींनी ओळख काढली ती ठरलेल्या पद्धतीनं, "तिकडं पाऊस कसा आहे?" पाच मिनिटांत दोघं बुरशीवर आले, दहा मिनिटांत व्यापाऱ्यावर. इमारतीत काय चाललं आहे हे दोघंही विसरले, किंवा विसरल्यासारखं दाखवू लागले.

दीड तासानं भाचा बाहेर आला. चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"अप्रूव्ह झालं. पासपोर्ट ठेवून घेतला."

मी त्याला मिठी मारली. दाजी जागचे हलले नाहीत. "काय विचारलं?"

"हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार. आणि वडील काय करतात."

"मग?"

"शेतकरी म्हटलं. काय पिकवतात विचारलं. मी म्हटलं स्वीट लाइम. त्या मॅडम म्हणाल्या, लिंबासारखं असतं का? मी म्हटलं, नो मॅडम, गोड असतं. त्या हसल्या आणि अप्रूव्हड म्हणाल्या."

"सातबारा पाहिला?"

"नाही."

"आठ-अ?"

"नाही आबा."

"ऐपतीचा दाखला?"

"फाइलच उघडली नाही. दोन मिनिटांत झालं."

दाजींच्या तोंडावर आनंद आणि अपमान एकाच वेळी पसरले. दोन महिने, अकरा हेलपाटे, तीन बायकांचं एक प्रतिज्ञापत्र, जावेपासून पंचवीस वर्षं लपवलेली बोरमाळ, आणि त्यातलं एक पानसुद्धा कोणी उलटलं नव्हतं! त्यांनी फाइल हातात घेतली, झटकली, आणि सांगलीच्या पाहुण्यांपुढं धरली. पाहुण्यांनी चष्मा लावला. छत्रीखाली उभं राहून त्यांनी सातबारा पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत वाचला, आठ-अ वाचला, दाखल्यावरचा शिक्का उजेडाकडं धरून पाहिला. त्या फाइलचा सबंध मुंबईतला तो एकमेव वाचक. मग म्हणाले, "बाकी बैजवार आहे. पोटखराबा तेवढा जास्त दिसतोय."

दाजींचं समाधान झालं.

व्हिसा पासपोर्टवर चिकटला की संपलं, असा आमचा समज होता. ऑगस्टात भाचा गेला आणि कळलं की ते चिकटवलेलं पान नुसतं दारातून आत जाण्यापुरतं. आत राहणं हे वेगळंच खातं आहे, त्याला 'स्टेटस' म्हणतात. ते सांभाळायला विद्यापीठात एक अधिकारी असतो, डीएसओ. आमच्याकडे डीएसओ म्हणजे जिल्हा पुरवठा अधिकारी. भाच्यानं फोनवर सांगितलं की उद्या डीएसओकडे जायचं आहे, तर दाजींनी विचारलं, "तिथंबी रेशन कार्ड काढावं लागतं का?"

खोली बदलली की दहा दिवसांत नवा पत्ता कळवायचा. भाच्यानं पहिल्या दोन महिन्यांत तीन खोल्या बदलल्या आणि तिन्ही वेळा कळवलं. इकडं त्याच्या आजीच्या मतदार कार्डावर अजून तिच्या माहेरचा पत्ता आहे आणि ती प्रत्येक निवडणुकीत मतदान करून येते. नऊ क्रेडिटच्या खाली अभ्यास आणायचा नाही. एक विषय अवघड गेला म्हणून परस्पर सोडला तर स्टेटस गेलं, विमानात बसा. आमच्या विद्यापीठात विषय सुटतो तो जन्मभर मागं येत राहतो. तिथं विषय सुटला की पोरगंच परत येतं.

काम करायचं ते विद्यापीठाच्या आवारातच, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. त्याच्या वर नाही. दाजींना वाटलं ही रोजगार हमी. महाराष्ट्रानं देशाला दिलेली योजना पोरगं जिथं गेलं तिथंही पोचली म्हणून त्यांना बरं वाटलं. हमी नाही, हद्द आहे, असं मी समजावलं. काम मिळालं ते भोजनगृहात, भांडी धुण्याचं. हे भाच्यानं आधी सांगितलं नव्हतं. एका रात्री व्हिडिओ कॉल चुकून लागला आणि आक्काला दिसलं ते एप्रन घातलेलं, कोपरापर्यंत फेस आलेलं तिचं लेकरू. घरी हे जेवून उठलं की ताट तिथंच. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, "अरे, कढईला आधी राख, नाही, तिथं राख नसंल. आधी पाणी घालून ठेव थोडं."

पुढच्या खेपेला भाचा म्हणाला की शिक्षण संपल्यावर ओपीटी लावायची आहे, त्याची आत्तापासून तयारी करतोय. ओपीटी म्हणजे शिकून झाल्यावर वर्षभर त्याच विषयात काम करायची मुभा. विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असला तर आणखी दोन वर्षं. आक्कानं ऐकलं ओपीडी. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला फोन करून विचारलं, "दादा, खरं सांग, काय झालंय त्याला? वर्षभर ओपीडी आणि मग आणखी दोन वर्षं, असा कोणता आजार असतो?" मी ओपीटी समजावली. तीन वर्षं, हे ऐकल्यावर ती म्हणाली की आजार असता तर निदान घरी तरी आणला असता.

सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सबंध मराठवाडा पाण्यात. मोसंबीला आधी फळगळ लागली होतीच, उरलेली फळं पाण्यानं गळाली. झाडाखाली पिवळा सडा. भाचा तिकडून रोज बातम्या बघायचा आणि रोज फोन करायचा. मी येतो म्हणाला. दाजींनी विचारलं, "येऊन काय करशील, मोसंबी परत झाडाला चिकटवशील?" तलाठी पंचनाम्याला आले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण चिखलात पाय रुतलेल्या माणसाला कोणी एवढं लांब नाव घेत नाही. त्यांनी बाग पाहिली, नोंद घेतली आणि निघताना सहज विचारलं, "अमेरिकेला गेलेला तो तुमचाच ना?"

भाची यंदा इंजिनिअरिंगला लागली. तिच्या शिष्यवृत्तीसाठी कागद लागतात म्हणून दाजी परवा सेतू केंद्रात गेले, मीही बरोबर होतो. तोच पोरगा, तोच काउंटर. त्यानं दाजींना ओळखलं, उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. मग संगणकावर बोटं ठेवून अदबीनं विचारलं,

"काका, ह्या वेळी कोणता काढायचा? ऐपतीचा का उत्पन्नाचा?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडं पाहिलं.

"उत्पन्नाचा," दाजी म्हणाले. "आणि हे बघ, आवाज जरा हळू."